जुनी विंडोज काढा, पण आधी आत बघा



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत थांबवली. त्यामुळे शिरूर काय नि दौंड काय, आपल्या दुकानांतल्या आणि घरांतल्या संगणकांवर विंडोज ११ येऊ लागली. पण नवी आली म्हणून जुनी लगेच जात नाही. ती सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहते आणि दहा-वीस जीबी जागा सहज अडवते. मग दुरुस्तीवाला मुलगा म्हणतो, “काकू, कचरा आहे, उडवून टाकतो.”

माझे स्पष्ट मत आहे, की कचरा कोणता हे त्याला ठरवू देऊ नका. त्याला विंडोज कळते, आपले घर कळत नाही. माळा आवरताना आपण डबा उघडून बघितल्याशिवाय भंगारात देतो का?

नुसते अपग्रेड केले असेल तर आपल्या फाइली बहुतेक जागच्या जागी असतात. पण ड्राइव्ह फॉरमॅट न करता विंडोज नव्याने टाकली असेल, तर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि लग्नाचे फोटो, दुकानाची बिले त्या जुन्या फोल्डरातल्या ‘युजर्स’मध्ये पडलेली असतात. ते पुसले की रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

यात हिशेबाचाही प्रश्न आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. नोटीस आली तर उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.

काहीजणी म्हणतील, मग राहू दे की सगळे. तेही बरोबर नाही. निरुपयोगी साठवून ठेवणे हा परिग्रहच. शिवाय अपग्रेडनंतर १० दिवसांनी विंडोज हे फोल्डर आपणहून काढून टाकते. जुन्या विंडोजवर परतायची मुदतही तेवढीच. म्हणजे तिथे ठेवलेले सुरक्षित नाहीच.

म्हणून आधी ‘युजर्स’ उघडा. हवे ते पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा. नवी विंडोज नीट चालते आहे ना, तेही बघा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असे जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करा आणि काढा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असते, तिथली खूण मात्र काढून टाका, नाहीतर उतरवून घेतलेली बिले जातील.

काम फार तर तासाभराचे. घरात काय जपायचे हे जिला ठाऊक आहे, तिनेच खुर्चीवर बसावे. मुलगा-सून शेजारी उभे राहून मदत करतील.