कॉम्प्युटर आमचा, तारीख त्यांची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर नेहमीसारखे सुरू झाले, टॅली उघडलं, ई-वे बिलं निघाली. थांबल्या त्या फक्त दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या लहान कारखानदारासमोर हा विषय काढा, भोवतीची मंडळी लगेच तीन गटांत वाटली जातात. एक म्हणतो, ‘नवा घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘लिनक्स टाका.’ तिसरा हात झटकतो, ‘चालतंय की, राहू द्या.’ तिघांचंही म्हणणं अर्धवट आहे, आणि तिघेही उरलेल्या दोघांना अडाणी समजतात.

मोठ्या कंपन्यांचं सोडा. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स किंवा बालाजी अमाइन्स यांच्यासारख्या उद्योगांचं याच वसाहतीत काम चालतं, पण त्यांचा व्याप आणि खर्चाची ताकद वेगळी. मी बोलतोय ते पंधरा-वीस माणसांच्या युनिटबद्दल. तिथे कॉम्प्युटर चार, त्यातले दोन धुळीने माखलेले, आणि ते बघायला शहरातून पुण्याच्या रस्त्याने दुचाकीवर येणारा एकच कॉम्प्युटरवाला.

‘नवा घ्या’ म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा ठरलेला: लोकांना बदलच नको असतो. हा आरोप निदान सोलापूरकरांवर तरी करू नये. साध्या यंत्रमागावरून रॅपिअरवर गेलेली माणसं इथे आहेत. पुठ्ठ्यांच्या जॅकार्डवरून इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर गेलेली आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आणि पुढच्या एप्रिलला ई-वे बिल आलं, तेही कुरकुरत का होईना, शिकून घेतलं. मागात बदल केला कारण उत्पादन वाढलं. जीएसटी शिकले कारण कायदाच होता. विंडोज ११ मध्ये डिस्पॅचच्या कारकुनाच्या पदरात काय पडलं? स्टार्टचं बटण कोपऱ्यातून मध्ये आलं. राइट क्लिक केल्यावर हाताशी असलेले पर्याय आणखी एका क्लिकमागे गेले. २०२१ मध्ये ही आवृत्ती आली तेव्हा टास्कबार वर किंवा बाजूला न्यायची जुनी सोयही काढून टाकलेली होती. माणसाचा हात वर्षानुवर्षं जिथे न बघता जातो तिथली वस्तू विनाकारण हलवायची, आणि तो चिडला की त्यालाच ‘बदलाला घाबरतो’ म्हणून हिणवायचं, हा उलट न्याय झाला. जॅकार्डच्या पुठ्ठ्यांचा संच एकदा बांधला की झिजेपर्यंत चालायचा. त्याची मुदत संपल्याचं फ्रान्सहून कुणी कळवत नव्हतं.

खात्याचं प्रकरण तर याहून चीड आणणारं. विंडोज ११ साध्या मार्गाने बसवायला गेलं की ते इंटरनेट मागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. घरच्या लॅपटॉपला ठीक आहे. कारखान्याच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला खातं कुणाचं लावायचं? मालक गावाला असतो, मग सुपरवायझर स्वतःचा मोबाइल नंबर देऊन मोकळा होतो. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कारखान्यात जातो. पुढे कधीतरी पासवर्ड अडतो, ओटीपी त्याच्या खिशात वाजतो आणि इकडे गेटवर ट्रक उभा. यंत्र कारखान्याचं आणि किल्ली गेलेल्या नोकराच्या मोबाइलवर, अशी ही व्यवस्था.

आता याच कॉम्प्युटरचं काम जवळून बघा. ट्रक वजनकाट्यावर चढतो. काट्याच्या इंडिकेटरमधून एक वायर येऊन सीपीयूच्या पाठीमागे नऊ पिनांच्या पोर्टमध्ये खोचलेली असते. प्रोग्रॅम आकडा उचलतो, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत कार्बनच्या तीन प्रती काढतो, ड्रायव्हर एक घेऊन निघतो. एवढंच. नव्या कॉम्प्युटरला बहुधा ते पोर्टच नसतं, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. त्यात प्रॉलिफिकची जुनी चिप निघाली तर विंडोज ११ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये निरोप झळकतो, की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याला भेटा. चिप धडधाकट, काटा धडधाकट, वायर धडधाकट. गंमत अशी, की तोच कन्व्हर्टर लिनक्सवर सहसा कुरबुर न करता चालतो, कारण तिथे चिप चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम कुणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसतो. पगारपत्रकाचंही तसंच. कितीतरी ठिकाणी ते डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर निघायचं. विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीत असे प्रोग्रॅम चालवता येत. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच काढलेली नाही.

‘नवा घ्या’ म्हणणाऱ्यांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तो सुरक्षेचा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमध्ये सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत पसरला आणि न्हावा शेवाच्या बंदरातलं त्याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. सोलापूरचा टॉवेल ज्या बंदरातून परदेशी जातो तेच हे बंदर. त्या हल्ल्याने वापरलेल्या भोकाला मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच ठिगळ दिलेलं होतं. अनेकांनी ते लावलं नव्हतं. तेव्हा ‘अपडेट म्हणजे नुसती कटकट’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि ‘अपडेट म्हणजे सुरक्षा’ असं म्हणणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा प्रोग्रॅम युक्रेनमध्ये शिरला तोच मुळी हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून.

दुरुस्त्या हव्यात, हे मान्य. पण त्यासाठी नवी विंडोज आणि तिच्यासाठी नवा कॉम्प्युटर हवाच, हे कशावरून? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. जीएसटीच्या निमित्ताने २०१७ च्या पावसाळ्यात सातव्या पिढीचा नवाकोरा कॉम्प्युटर घेतलेला माणूस आठ वर्षांत बाद. ‘जुन्या प्रणालीला आम्ही किती काळ सांभाळणार?’ असा कंपनीचा सूर असतो. पण याच विंडोज १० ची २०२१ ची एक आवृत्ती एटीएम, इस्पितळातली उपकरणं, कारखान्यातली यंत्रं यांच्यासाठी काढलेली आहे. आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी असं तिचं लांबलचक नाव. तिला सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०३२ पर्यंत मिळणार आहेत. दुरुस्त्या तयार होणार आहेत, त्या करणारी माणसं पगारावर आहेत, फक्त त्या तुमच्या केबिनपर्यंत येणार नाहीत. याला असमर्थता म्हणत नाहीत, धंद्याचं धोरण म्हणतात. धंदा करायला कुणाची ना नाही. त्याला सुरक्षेचं सोवळं नेसवू नये एवढंच.

पैसे मोजले तर साध्या विंडोज १० लाही मुदतवाढ मिळते. उद्योगांसाठी एका कॉम्प्युटरला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. बेरीज ४२७ डॉलर, म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या वर. वजनाची पावती काढणाऱ्या डब्यासाठी एवढे पैसे कोण भरेल?

इथे लिनक्सवाले पुढे सरसावतात. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, सूर ऐकवत नाही. ‘फुकट आहे, व्हायरस नाही, कशाला अडून बसलाय?’ अहो, टॅली विंडोजवर चालतं आणि इथला हिशेबनीस टॅलीवर चालतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर जीएसटीचं विवरणपत्र डिजिटल सहीनेच भरावं लागतं. सहीचं टोकन लिनक्सवर चालवता येतं, पण ते जुळवून देणारा माणूस मुदतीच्या वीस तारखेच्या आदल्या संध्याकाळी चिंचोळीत मिळायला हवा ना! म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो कॉम्प्युटर नेलेही, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. उलट केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजलं, कारण तिथे आधी शिक्षक तयार केले आणि पाठ्यपुस्तकंही त्याच सॉफ्टवेअरवर बेतली. शेजारी जाणकार माणूस असेल तर फुकटची प्रणाली स्वस्त पडते. नसेल तर तीच महाग.

आणि तिकडेही सगळं आलबेल नसतं. २०११ मध्ये उबुंटू या लिनक्सने युनिटी नावाचा नवा डेस्कटॉप आणला आणि ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने आपला तिसरा अवतार काढला, तेव्हा लिनक्सवाल्यांनी केलेला आरडाओरडा विंडोजवाल्यांना लाजवेल असा होता. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीच्या पंखाखालच्या सेंटओएस या लिनक्स प्रकल्पाने तर २०२९ पर्यंत मिळणारा आवृत्ती ८ चा आधार २०२१ च्या अखेरीसच थांबेल असं जाहीर केलं. तारीख पुढे-मागे करायची खोड सगळ्यांनाच. फरक पडतो तो यानंतर. सेंटओएसवर रुसलेल्यांनी काही महिन्यांत आल्मा आणि रॉकी लिनक्स उभे केले. ग्नोमवर रुसलेल्यांतून माते आणि सिनॅमन हे डेस्कटॉप निघाले. मूळ कोड खुला, म्हणून वेगळी चूल मांडता आली. विंडोजवर रुसलेल्याला फक्त रुसता येतं. लिनक्सच्या बाजूने मला पटणारा खरा युक्तिवाद हा आहे. फुकटपणाचा त्याच्याशी संबंध नाही.

राहिले ‘चालतंय की’ वाले. यांच्याबद्दल मला माया आहे, कारण बहुतेक वेळा खरंच चालत असतं. पण त्याच कॉम्प्युटरवर बँकेचं पान उघडायचं, अनोळखी ईमेलमधली जोडलेली फाइलही तिथेच उघडायची, आणि वर क्रॅक मारलेली विंडोज, हे काही चालवणं नव्हे. नशिबावर सोडणं आहे. आणि ज्याने परवान्याचा रुपया मोजला नाही त्याने कंपनीच्या नावाने शंख करू नये, हेही एकदा स्पष्ट बोललेलं बरं.

मग करायचं काय? कॉम्प्युटरचं वय बघून निर्णय घेऊ नका, काम बघून घ्या. बँक, टॅली, डिजिटल सही जिथे आहे तो एक कॉम्प्युटर चालू आधार असलेल्या विंडोजवर असू द्या. तिथे कंजुषी नको. यंत्राला जोडलेला, जॅकार्डचं डिझाइन किंवा जुन्या सीएनसीचा प्रोग्रॅम देणारा कॉम्प्युटर आहे तसा ठेवा, पण त्याचं इंटरनेट कायमचं तोडा. त्याच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यात कामगाराच्या मोबाइलमधली गाणी येणार नाहीत याची काळजी घ्या. त्याच्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवा. यंत्र विकणारी कंपनी उद्या असेल-नसेल. उरलेले, म्हणजे ई-वे बिल, ईमेल, पत्रव्यवहार यांचे कॉम्प्युटर. या कामाला लागतं ते फक्त ब्राउझर आणि लिहायचं साधन. आठ वर्षांच्या डब्यावर लिनक्स मिंट टाकलं तर ही कामं आरामात होतात आणि मराठी युनिकोडमध्ये टाइपही करता येतं. लिनक्सची सुरुवात इथून करावी. एका केबिनमध्ये, घाईची तारीख नसलेल्या आठवड्यात. वर्षभर ते नीट चाललं की वजनकाटाही तिकडे नेता येईल, मात्र त्यासाठी काट्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला राजी करावं लागेल.

आणि तक्रार करत राहा. ‘ओरडून काय होणार?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर इतिहासात आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं. लोक इतके संतापले, की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं. २०२४ मध्ये स्क्रीनचे फोटो सतत टिपून ठेवणारी रिकॉल ही सोय जाहीर झाली. टीका झाल्यावर ती लांबली आणि वापरणाऱ्याने स्वतः सुरू केली तरच चालेल अशी झाली. विंडोज १० ची घरगुती मुदतवाढ युरोपातल्या ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर तिथे पैसे न घेता आणि कमी अटींवर मिळाली. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलं. त्यात मोबाइल आहे, ट्रॅक्टर आहे. सॉफ्टवेअरच्या आधाराच्या तारखेचा प्रश्नही तिथे लावून धरायला हवा, आणि तो एकट्या कारखानदाराला झेपणारा नाही. वसाहतीतल्या उद्योजक संघटनेने आणि सोलापूरच्या चेंबरने तो उचलावा. मागणी साधी असावी: सुरक्षा-दुरुस्त्या आणि नवी सजावट वेगळी करा, आणि २०३२ पर्यंत तयार होणाऱ्या दुरुस्त्या वाजवी दरात लहान उद्योगांनाही द्या.

तोवर एक काम प्रत्येकाच्या हातात आहे. पुढचा माग, काटा किंवा सीएनसी घ्याल तेव्हा पर्चेस ऑर्डरमध्ये दोन ओळी जास्त लिहा: सोबत येणाऱ्या कॉम्प्युटरवर कोणती प्रणाली आहे आणि तिच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील. विक्रेता लेखी देत नसेल तर ॲडव्हान्स देऊ नका.