इल्मचाही सदका असतो

२७ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इराक, इराण, सीरिया, येमेन, सुदान, लिबिया आणि सोमालिया या सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. हुकूम निघाला तेव्हा कित्येकजण विमानात होते. रीतसर व्हिसा असूनही त्यांना विमानतळावर अडवले. त्यांत अमेरिकी सैन्याचा दुभाषी राहिलेला एक इराकीही होता.

न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर वकील धावून आले. त्यांत एरवी कंपन्यांची कामे पाहणारेही होते. फरशीवर लॅपटॉप घेऊन बसले, अर्ज लिहिले. ना फी घेतली, ना कुणाचा धर्म विचारला. २८ तारखेच्या रात्रीच ब्रुकलिनच्या न्यायालयाने अडकलेल्यांना परत पाठवण्यास मनाई केली.

पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुधारित बंदी कायम ठेवली; ती उठली २०२१ मध्ये. मग ती धावपळ वाया गेली का? आम्हाला तसे वाटत नाही. त्या रात्री जे सुटले, ते आपल्या माणसांत पोहोचले.

आपल्या घरांतही आता वकील मुले-मुली आहेत. १९८७ च्या कायद्याने महिलांना आणि कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, एवढेच. पण तो लिहून देणार कोण? आपण पैशाची जकात मोजून काढतो. जुम्म्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यात तासभर बसून गरिबाचे कागद वाचून दिले, तर तोही सदकाच आहे.