सायकल गटाची वर्गणी आणि विम्याचा कागद

पावसाळा सरला की धाराशिव–तुळजापूर रस्त्यावर भल्या पहाटे हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसू लागतात. कुणाला साखर आटोक्यात ठेवायची असते, कुणाच्या गुडघ्यांना पळणे सोसत नाही, तर कुणाला 200 किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करायची असते. छंद रुजला की एखाद्या गटाची वर्गणी भरायची वेळ येते. तेव्हा ‘आपल्याकडे विमा आहे, काळजी नको’ असे कुणीतरी सांगते आणि पुढे कुणी काही विचारत नाही.

विचारायला हवे. सदस्यत्वासोबत विमा देण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1878 साली सुरू झालेली संघटना आज ‘सायकलिंग यूके’ म्हणून ओळखली जाते, जर्मनीतली ‘एडीएफसी’ 1979 ची. त्यांच्या विम्याचा गाभा दायित्वाचा आहे. सदस्याच्या धक्क्याने पादचारी जखमी झाला, तर त्याची भरपाई विमा कंपनी करते. सदस्याचा स्वतःचा हात मोडला, तर उपचार तिथल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतून होतात. आपल्याकडे तो खर्च बहुधा घरातूनच जातो. त्यामुळे तिकडचा नमुना इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

सायकलवरून पडणारा माणूस सहसा हात पुढे टेकतो. मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडते, कधी शस्त्रक्रिया करून पट्टी बसवावी लागते. वैयक्तिक अपघात विमा मुख्यतः मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी पैसे देतो. दोन-तीन महिन्यांत जुळणारे हाड त्यात सहसा बसत नाही. त्यासाठी आरोग्य विमाच लागतो. त्यातली सुरुवातीची 30 दिवसांची प्रतीक्षा अपघाताला लागू नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून गटाकडे पॉलिसीची प्रतच मागावी. सदस्याचे नाव त्यात आहे का, संरक्षण वर्षभराचे की फक्त उपक्रमाच्या दिवसाचे, शर्यत वगळली आहे का, रुग्णालयाचे बिल मिळते का, हे पाहावे. प्रत दाखवायला टाळाटाळ झाली, तर विमा नाहीच असे धरून चालावे.

खरे तर वर्गणीपेक्षा स्वस्त संरक्षण बँकेत आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वर्षांच्या खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाखांचे संरक्षण मिळते. खात्यातून दर वर्षी पैसे कापले जातात, पण घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. माणूस गेल्यावर दावाच होत नाही.

मोटारीने उडवले, तर सायकलस्वार कायद्याने ‘तिसरा पक्ष’ ठरतो आणि त्या वाहनाच्या सक्तीच्या विम्यातून भरपाई मागता येते. 2019 च्या दुरुस्तीने या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, त्यामुळे पोलिसांतली नोंद लांबवू नये. वाहन पळून गेले तरी मार्ग आहे. 1 एप्रिल 2022 पासून अशा अपघातात मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. 2025 पासून रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची योजनाही आहे. ज्या गटाला हे सारे माहीत आहे आणि जो अपघातानंतर घरच्यांसोबत तहसीलला जातो, त्याची वर्गणी सार्थकी लागते.

तेव्हा विमा स्वतःचा स्वतः घ्यावा. गट निवडताना तो रस्त्यासाठी काय मागतो, हे पाहावे. अमेरिकेत 1880 साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने मोटारी येण्याआधीच चांगल्या रस्त्यांची चळवळ उभी केली होती. इथल्या मागण्याही साध्या आहेत. ऊसगाळपाच्या हंगामात संध्याकाळनंतर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर नकोत. राष्ट्रीय महामार्ग 52 ला लागून असलेल्या गावांना सलग सेवा रस्ता हवा, म्हणजे शेताला जाणाऱ्याला उलट्या बाजूने यावे लागणार नाही. कडेची खडी वेळच्या वेळी झाडली जावी. या गोष्टी मांडण्याची जागा म्हणजे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. तिथे सायकलस्वारांच्या वतीने कोणी पत्र दिले का, हा प्रश्न गटप्रमुखाला जरूर विचारावा. कोजागिरीला पायी येणाऱ्या भाविकांसाठी सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. मागणारे पुरेसे असले की प्रशासन वाट काढते.

आणखी एक गोष्ट खटकते. सायकल गटांत डॉक्टर, शिक्षक, व्यापारी असतात, पण रोज सायकल चालवणारे नसतात. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. दूधवाले, गवंडी, शेतमजूर याच रस्त्याने जातात, बहुतेक विनाहेल्मेट आणि मागे दिवा नसलेल्या सायकलींवर. त्यांना महागडी जर्सी नको आणि हजाराची वर्गणीही परवडणार नाही. एखाद्या गटाने त्यांच्यासाठी नाममात्र वर्गणी ठेवली, मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावून दिला आणि 20 रुपयांचा अर्ज बँकेत नेऊन दिला, तर समितीपुढे जाताना त्या पत्राखाली शेकडो सह्या असतील.