डॉक्टर नव्हे, सिस्टर

बिदर जिल्ह्यातील हुलसूर हे नाव गोमंतकीय वाचकाच्या फारसे कानांवरून गेले नसेल. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्यातून हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. पूर्वी बसवकल्याण तालुक्यात असलेले हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. घरी मराठी आणि कचेरीत कन्नड हा तेथील अनेकांचा नित्याचा व्यवहार. पलीकडे निलंगा, उमरगा हे महाराष्ट्रातील तालुके. राजधान्यांत बसून जी गोष्ट ध्यानात येत नाही, ती अशा सीमेवर चटकन दिसते.

केंद्र सरकारने २०१८ पासून उपकेंद्रांवर 'सामुदायिक आरोग्य अधिकारी' नेमण्यास आरंभ केला. साधारण पाच हजार वस्तीमागे एक. रक्तदाब, मधुमेह तपासावा, ठरावीक औषधे द्यावीत, अवघड रोगी वरच्या दवाखान्यात पाठवावा, हे त्याचे काम. महाराष्ट्राने या जागी मुख्यतः आयुर्वेदाचे पदवीधर घेतले. कर्नाटकाने परिचर्येच्या पदवीधर परिचारिका. काम तेच, गोळ्या त्याच. पण सीमेच्या एका अंगाचा रोगी 'डॉक्टरकडे' जातो आणि दुसऱ्या अंगाचा 'सिस्टरकडे'. 'डॉक्टर नव्हते, सिस्टरनेच पाहिले' या वाक्यातील 'च' हा आजच्या विचाराचा विषय आहे.

हा 'च' केवळ अडाणीपणातून येतो, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते खरे नव्हे. भोर समितीने १९४६ साली देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे सुचविले. हेतू उदात्त होता. पुढे कमी मुदतीचे अभ्यासक्रम बंद झाले, आणि पूर्ण शिकलेला डॉक्टर शहरात राहिला. तेव्हा शहराला तज्ज्ञ आणि खेड्याला सिस्टर का, असे हुलसूरच्या शेतकऱ्याने विचारले तर तो प्रश्न अडाण्याचा नाही, नागरिकाचा आहे.

मात्र याच शेतकऱ्याला एक उलट प्रश्न विचारावा लागेल. कोणतीही मान्य पदवी नसलेला, गळ्यात नळी अडकवून फटफटीवरून येणारा माणूस सुई टोचतो, तेव्हा त्याला तो 'डॉक्टरसाहेब' कसा म्हणतो? आणि बाळंतपणासारख्या जिवावरच्या प्रसंगी खेड्यातील बायका आजवर कोणाच्या हाती जीव सोपवीत आल्या? सुईणीच्या, नर्सबाईच्या! ज्या गोव्यात १८४२ साली वैद्यकशाळा निघाली, तेथेही खेड्यापाड्यांतून वैजीणच धावून येई. तात्पर्य, विश्वास पदवी पाहून बसत नाही. तो पाटीवर बसतो, सुईवर बसतो, आणि फार दिवसांच्या ओळखीवर बसतो.

कॅनडातील बर्लिंग्टन येथे कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काहींना डॉक्टरकडे, काहींना विशेष प्रशिक्षित परिचारिकेकडे पाठविले गेले. १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: प्रकृतीत फरक नाही, समाधानातही नाही. २०१८ साली कॉक्रेन संस्थेने अशा अनेक चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात तर परिचारिकेकडे जाणारे रोगी अधिक समाधानी आढळले. कारण गूढ नाही. ती रोग्याला अधिक वेळ देते. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. प्रसंगी जंतुनाशकाचे इंजेक्शन देण्यासही शिकविले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले.

पण या दाखल्यांचा सरकारने सोयीस्कर अर्थ लावू नये. बर्लिंग्टनच्या परिचारिकेच्या पाठीशी डॉक्टर होता; गडचिरोलीच्या आरोग्यदूतामागे कडक देखरेख होती. आमच्या परिचारिकेला पदवीनंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण मिळते, नेमणूक बहुधा कंत्राटी असते आणि स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देण्यास कायद्याचा आधार तुटपुंजा. २०१९ च्या वैद्यक आयोग कायद्यात मर्यादित परवान्याची तरतूद आली तेव्हा डॉक्टरांनी देशभर संप पुकारला. 'अर्धे डॉक्टर' नकोत, हे त्यांचे म्हणणे. त्यात रोग्याच्या काळजीचा अंश असेल. धंद्याच्या काळजीचा अंश मुळीच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

आमच्या मते खरी फसवणूक परिचारिका नेमण्यात नाही. ती नेमून डॉक्टरची रिकामी जागा झाकण्यात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर असेल, दूरध्वनीवर सापडत असेल आणि पाठविलेला रोगी तेथे पाहिला जात असेल, तरच उपकेंद्रातल्या सिस्टरचे 'वर जा' हे शब्द सल्ला ठरतात. एरवी ती टोलवाटोलवी होय. सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. पोटात कसे दुखते हे माणूस मायबोलीतच नीट सांगू शकतो. हुलसूरच्या म्हातारीला मराठी न कळणारी परिचारिका मिळाली, तर तिच्या पदवीचा उपयोग निम्माच. बिदरच्या अधिकाऱ्यांनी नेमणुका करताना एवढे पाहिले तर त्यात भाषावाद शोधण्याचे कारण नाही.

आणि दारावर पाटी लावावी: बाईंचे नाव, त्यांचे शिक्षण, कोणत्या दुखण्यावर त्या औषध देतील, कोणत्या दुखण्यास कोठे पाठवतील. कन्नडमध्ये आणि मराठीतही. खर्च एका डबा रंगाचा.