पोरगं खेळतंय, पण पाहतंय कोण?

शाळकरी वयातला सगळ्यात भारी खेळाडू कोण पाहिला, असा प्रश्न मुंबईत टाकला की उत्तर ठरलेलं असतं. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड, शारदाश्रमचे तेंडुलकर आणि कांबळी. ६६४ धावांची अभेद्य भागी; सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ती खेळी आपण मैदानावर उभं राहून पाहिली, असं छातीठोकपणे सांगणारे आजवर इतके निघालेत, की तेवढी माणसं त्या दिवशी खरंच आली असती तर क्षेत्ररक्षकांना उभं राहायला जागा उरली नसती.

हाच प्रश्न बीड जिल्ह्यात टाकला तर पहिलं नाव बहुधा पहिलवानाचं येतं, दुसरं क्रिकेटवाल्याचं. तिसऱ्या नावाशी मात्र मंडळी अडखळतात. अविनाश साबळे हा आज जिल्ह्याचा सर्वांत मोठा खेळाडू, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण त्याला शाळेच्या वयात मैदानावर कुणी पाहिलं? तिथं सगळे एकमेकांकडे बघतात.

गुण तिघांच्याही अंगात होता. कोण कधी लोकांच्या नजरेत भरला, हे मात्र त्या-त्या खेळाला गावात जागा होती की नाही यावर ठरलं.

कुस्तीला ती होती. मराठवाड्यात जत्रा म्हटली की पालखी, पाळणे आणि दुसऱ्या दिवशी आखाडा. हलगी कडाडू लागली की माणसं आपोआप गोल धरतात. सुरुवात लहान पोरांच्या, नारळावरच्या कुस्त्यांनी होते. पाचवी-सहावीतलं पोरगं लंगोट कसून मातीत उतरतं, समोरच्याला पाडतं, आणि पंच त्याचा हात धरून गर्दीपुढून फिरवतात. कुणी दहाची नोट देतो, कुणी पन्नासची. निकाल लागायच्या आतच 'कुणाचा रे हा?' अशी विचारणा सुरू झालेली असते. निवड समिती, फॉर्म, वयाचा दाखला असलं काही आड येत नाही. सगळं गाव एका दुपारी पोराची परीक्षा घेऊन टाकतं.

पाटोद्याचा राहुल आवारे याच मुलखातला. वडील स्वतः पहिलवान, त्यामुळे पहिले डाव घरातच मिळाले. पुढे पुण्यात रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली तो घडला. २००८ मध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा तो अजून सतरा वर्षांचाही नव्हता; तिथं त्यानं सुवर्ण घेतलं. २०११ मध्ये बिराजदार गेले आणि काका पवारांनी त्याला पुढं नेलं. त्यानंतरचा काळ त्याच्यासाठी सोपा नव्हता. दोन ऑलिंपिक हातचे गेले. अखेर २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला त्यानं १५-७ असं हरवलं आणि ते सुवर्णपदक आपल्या दिवंगत वस्तादांना वाहिलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचं कांस्य मिळवलं. 'हा आमच्या डोळ्यांसमोरचा' असं पाटोद्यात कुणी म्हटलं तर ती बढाई ठरत नाही.

क्रिकेटचं तसं नव्हतं. बीडमध्ये १९७२ साली जन्मलेला संजय बांगर भारताकडून १२ कसोटी सामने खेळला. २००२ मध्ये हेडिंग्लेच्या ओल्या खेळपट्टीवर सलामीला येऊन त्यानं काढलेल्या ६८ धावा जाणकार अजून विसरलेले नाहीत. पण त्याचं रणजी क्रिकेट रेल्वेच्या संघातून झालं. बीडकरांनी त्याला पाहिलं ते टीव्हीवर.

सचिन धसची गोष्ट वेगळी. हा पोरगा बीडमध्येच वाढला आणि बीडमध्येच दिसला. वडील आरोग्य खात्यात, आई पोलीस खात्यात. वडिलांनी तेंडुलकरवरच्या भक्तीपोटी मुलाचं नाव सचिन ठेवलं, आणि मुलानं पाठीवर १० हा आकडा घेतला. प्रशिक्षक शेख अझहर गावातलेच. अडचण होती ती खेळपट्टीची. मॅटिंगवर वाढलेला फलंदाज टर्फवर गेला की चेंडूचा अंदाज चुकतो, हे वडिलांना कळत होतं. त्यांनी कर्ज काढून टर्फची खेळपट्टी करून घेतली. आता टर्फ म्हणजे गवत, गवत म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे बीड. दोन-तीन दिवसांआड टँकर मागवून ती खेळपट्टी जिवंत ठेवली गेली. बीडमध्ये टँकरची वाट घागरी घेऊन बघतात. इथं बावीस यार्डांची एक पट्टीही त्या रांगेत होती.

त्या पाण्याचं काय झालं ते ६ फेब्रुवारी २०२४ ला दिसलं. दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. यजमानांनी २४४ धावा केल्या होत्या. भारताचा पहिला गडी डावाच्या पहिल्याच चेंडूवर गेला. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी १२ वर परतला आणि फळ्यावर ४ बाद ३२ लागले. मग धस आला. कर्णधार उदय सहारन एक बाजू लावून उभा राहिला आणि धसनं दुसरी बाजू खुली केली. नुसता पट्टा फिरवला नाही. मोकळी जागा हेरून चौकार काढले, आणि धावगती कधी हाताबाहेर जाऊ दिली नाही. ९५ चेंडूंत ९६ धावा, त्यात ११ चौकार आणि एकच षटकार. दोघांची भागीदारी १७१ धावांची. शतक चार धावांनी हुकलं. भारत दोन गडी आणि सात चेंडू राखून जिंकला. त्याआधी चारच दिवस नेपाळविरुद्ध त्यानं ११६ ठोकल्या होत्या. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियानं ७९ धावांनी हरवलं आणि धसही ९ वर बाद झाला, पण तोवर बीडमध्ये व्हायचा तो जल्लोष होऊन गेला होता.

आता तिसरं नाव. आष्टी तालुक्यातलं मांडवा. घरची परिस्थिती बेताची. आई-वडील शेतीबरोबर वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटरवर आणि मध्ये धड वाहन नाही. अविनाश ते अंतर रोज कापत होता, कधी चालत, कधी पळत. रस्त्यात बैलगाडीवाल्यांनी, दूधवाल्यांनी, शेताच्या बांधावरच्या बायांनी त्याला पाहिलंच असणार. पण शाळेला उशीर झालेला पोरगा पळतोय, यात नवल ते काय? बारावीनंतर तो सैन्यात गेला. महार रेजिमेंट, सियाचीनचा बर्फ, राजस्थानचं वाळवंट. २०१५ मध्ये तो लष्करातल्या क्रॉसकंट्रीत उतरला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं.

स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरमध्ये २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंद वेळ नोंदवली आणि गोपाल सैनींचा १९८१ पासून उभा असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो स्वतःचेच विक्रम मोडत गेला. १९९८ ते २०१८ या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियालाच जात होती. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये साबळेनं ती रांग फोडून रौप्य आणलं. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदानं. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, आणि त्याच शहरात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावणारा पहिला भारतीय पुरुष स्टीपलचेसपटू.

म्हणजे ज्याच्या पायात एवढं होतं, त्याची खरी चाचणी विशीनंतर झाली, तीही घरापासून शेकडो कोस लांब. जत्रेत पळण्याचा आखाडा नसतो. बैलांच्या शर्यतीला गाव लोटतं. पोरांच्या तीन हजार मीटरला कोण येणार?

शालेय क्रीडा स्पर्धा आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी आहे; चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट आहेत; दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. पण त्या होतात कशा, ते एकदा जाऊन पाहावं. सकाळी फक्कीच्या रेषा मारलेल्या. बारा शाळांचे संघ, चार सर आणि एक शिट्टी. निम्मी पोरं अनवाणी. एकीकडे खो-खोचा खुंट रोवायचं चाललंय, दुसरीकडे कबड्डीचा दम घुमतोय, आणि मध्येच शंभर मीटरवाले आडवे पळत जातात. दुपारी वडापाव, संध्याकाळी प्रमाणपत्रं. प्रेक्षक म्हणाल तर हरलेला संघ. आठवड्यातला दिवस, त्यामुळे आई-वडील रानात असतात.

त्यात जिल्ह्याचं गणित वेगळं. तालुक्याचे सामने पावसाळ्यात उरकतात. जिंकलेला संघ विभागाला आणि राज्याला जायची वेळ येते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि तेव्हाच ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे कोयते निघतात, आणि संघातलं एखादं पोरगंही त्या गाडीत बसतं. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं आता मागं राहतात; पण धाकट्या भावंडांना सांभाळायला जी जावी लागते ती बहुतेक वेळा मुलगीच असते. खो-खोच्या संघातली चपळ पळणारी दिवाळीनंतर फडात दिसते.

फुटबॉलचा रकाना या जिल्ह्यात अजून रिकामा आहे. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या आधी, सरकारनं राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला. चेंडू वाटले, फोटो निघाले. त्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात. चांगला ड्रिबल करणारं पोरगं तिथं सहावीत असतानाच सगळ्या पेठेला नावानिशी ठाऊक होतं. बीडला तोच चेंडू मिळाला, पेठ मिळाली नाही.

ती मिळवणं फार खर्चाचं काम नाही. तालुक्याचे अंतिम सामने आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावेत, गावाजवळच्या मोकळ्या मैदानात, आणि दसऱ्याच्या आत. बाजाराला आलेली माणसं तासभर थांबतील. एखादा हलगीवाला सांगून ठेवावा. तीन हजार मीटरची शर्यत स्टेशनरीच्या दुकानांपासून बैलबाजारापर्यंत घ्यावी आणि पहिल्या आलेल्या पोराचा, पोरीचा हात धरून गर्दीतून फिरवावं. 'कुणाचा रे हा?' किंवा 'कुणाची गं ही?' हे विचारायला बीडच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही.