घरचे आरोग्य : पांढऱ्या कोटाआधी

मुलगा वा मुलगी मेडिकलला लागली की आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या घरांतून पेढे वाटले जातात. पाठोपाठ पांढरा कोट, स्टेथोस्कोप, शरीररचनेचे जाडजूड ग्रंथ यांची खरेदी सुरू होते. लस मात्र या यादीत क्वचितच असते. 'लहानपणी सगळ्या लसी टोचल्या आहेत की!' असे आई ठामपणे सांगते आणि विषय तेथेच मिटतो.

आम्हांस तो मिटवावासा वाटत नाही. यकृतदाह 'ब'ची लस सरकारी कार्यक्रमात देशभर लागू झाली ती २०११ साली. गोवराची दुसरी मात्रा २०१० पासून मिळू लागली. आज महाविद्यालयात पाऊल टाकणारी मुले त्यापूर्वीच जन्मलेली आहेत. ज्यांना खाजगी डॉक्टरांकडे लस मिळाली त्यांचे ठीक. इतरांची खात्री कोणी द्यावी?

एड्सचे भय सर्वांनाच असते. परंतु बाधित रुग्णाची सुई बोटात गेली, तर एच.आय.व्ही. जडण्याचा संभव हजारांत सुमारे ३. यकृतदाह 'ब'चा मात्र, लस न घेतलेल्याला, शंभरांत ६ पासून ३० पर्यंत! आणि हातात नुकतीच सुई धरू लागलेल्या विद्यार्थ्याच्याच बोटात ती जाण्याची भीती अधिक. या लसीच्या तीन मात्रा असतात : पहिली, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यास तिसरी. म्हणून वॉर्डात जाण्याची वेळ येईपर्यंत न थांबता पहिल्या वर्षीच आरंभ करावा. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे. प्रतिपिंडांचा आकडा १० वा अधिक हवा. काही थोड्यांच्या शरीरात तो चढतच नाही, त्यांना पुन्हा मात्रा द्याव्या लागतात. बाळपणी लस घेतलेल्यांचा आकडा कमी दिसला, तर घाबरू नये. शरीराची स्मृती बहुधा शाबूत असते व एका मात्रेने आकडा वर येतो.

गोवर आणि कांजिण्या यांना तर सुईही लागत नाही, श्वास पुरे. त्यातून कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही. मोठ्या वयात हा आजार अधिक छळतो, आणि विद्यार्थी तो नकळत गरोदर स्त्रीच्या वा रक्ताच्या कर्करोगाने आजारी बालकाच्या खाटेपर्यंत नेऊ शकतो.

तेव्हा माळ्यावरच्या पेटीतून लसीचे जुने कार्ड काढून डॉक्टरांना दाखवावे. कार्ड हरवले असल्यास, निरोगी तरुणाने यकृतदाह 'ब'ची वा गोवराची लस दुसऱ्यांदा घेतल्याने अपाय होत नाही.