कात्री ज्याची त्याची, पण मीटर सर्वांचा

आपल्या व्यापारी बांधवांची बरीच मुले आता संगणकाच्या धंद्यात आहेत. ज्या साधनात बसून ती प्रोग्राम लिहितात त्याला एडिटर म्हणतात, आणि या एडिटरवरून त्यांच्यात जे वाद झडतात ते ऐकून दुकानदार बाप चक्रावून जातो. एकाला व्हिम हवे, दुसरा ईमॅक्सखेरीज बोलत नाही, तिसरा मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेल्या व्हीएस कोडवर खूश. शिवाय पडद्याचा रंग, अक्षरांचा आकार, कोणत्या बटणाने काय व्हावे, हे प्रत्येकाने आपल्या मर्जीने लावलेले. आमच्या वयाची मंडळी याला नखरे म्हणतात. आम्ही म्हणत नाही.

कोणताही कटिंग मास्तर आपली कात्री दुसऱ्याच्या हाती देत नाही. डावखुऱ्याला उजव्या हाताची कात्री दिली तर कापड दुमडते, कापले जात नाही. दिवसाचे आठ-दहा तास ज्या हत्याराशी गाठ, ते हाताला बसलेच पाहिजे. मग हात त्याचा गुलाम होतो, हेही खरे. व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कले विद्यापीठात लिहिला. त्यांच्या टर्मिनलवर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल याच बटणांवर छापलेल्या होत्या, म्हणून कर्सर हलवायला तीच बटणे ठरली. ते टर्मिनल केव्हाच भंगारात गेले, बोटांची सवय आजही चालू आहे.

(व्हिम १९९१ पासून देणारे हॉलंडचे ब्राम मूलेनार २०२३ मध्ये वारले. त्यांनी माल फुकट वाटला. आवडला तर युगांडातील गरजू मुलांना मदत करा, एवढेच मागितले. हाही एक व्यापारच.)

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. उजवीकडून लिहिणाऱ्याला डावीकडूनच चालणारे यंत्र देणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायला नको. ईमॅक्समध्ये उजवीकडून चालणारा मजकूर नीट दाखवण्याची सोय २०१२ साली, चोविसाव्या आवृत्तीत आली. अशा ठिकाणी मर्जी हा शौक नसतो, गरज असते.

पण त्याच ईमॅक्सचा जन्म पाहा. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत जो तो आपापल्या आज्ञांचे संच बनवून बसला होता. एकाच्या जागी दुसरा बसला की त्याला काही चालवता येईना. अखेर १९७६ मध्ये गाय स्टील आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते वेगवेगळे संच एकत्र करून ईमॅक्स उभे केले. बदलण्याची मुभा ठेवली, पाया मात्र एक केला.

आमच्या धंद्यात हेच चालते. कात्री ज्याची त्याची, पण माल मीटरने मोजायचा. तेव्हा मुलांना एडिटर निवडू द्यावा. फक्त सजावटीत आठवडे घालवणाऱ्याला टोकावे. दिवसभर माग दुरुस्त करत बसणाऱ्याचे कापड कधी निघणार? आणि ओळी किती आत सरकवायच्या यावर भांडण नको. 'एडिटरकॉन्फिग' नावाची छोटी फाइल कामासोबत ठेवली की बहुतेक एडिटर तिचे ऐकतात, काही स्वतःहून, काही जोड बसवल्यावर.

ज्यांना दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम करून घ्यायचा आहे, त्यांनी कारागिराचे हत्यार विचारू नये. पण शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रोग्रामची संपूर्ण मूळ संहिता, कोणत्याही एडिटरमध्ये उघडेल अशा साध्या मजकुराच्या फाइलींत, आपल्या ताब्यात घ्यावी आणि दुसऱ्या जाणकाराकडून एकदा उघडून पाहावी.